या घरातील एकमेव मतदार

सहा जानेवारी. या दिवशी मी चंदीगड सोडून इंग्लंडला गेलो. जबाबदार : माझी मुलगी केतकी, दुपारपर्यंत न उठणारे धुके आणि मी स्वतः, याच क्रमाने.

मार्च महिन्याचा दुसरा आठवडा. नेमकी तारीख वाचता येत नाही, कारण शिक्का घाईने मारलेला आहे. माझ्या बंद दारावर एक नोटीस चिकटवण्यात आली. जबाबदार : ती लिहिणारे, ती चिकटवणारे आणि कुलूप समोर दिसत असताना 'बजावली' असा शेरा मारणारे.

मे महिन्यातला पहिला गुरुवार. इंग्लंडातल्या एका लहान गावी नगर परिषदेची निवडणूक झाली. त्या दिवशी मी एका परक्या कुत्र्याची दोरी धरून मतदान केंद्राबाहेर उभा होतो. जबाबदार : कोणीही नाही. हा दिवस या यादीत का घातला, ते पुढे येईल.

नऊ नोव्हेंबर. आमच्या वॉर्डाच्या मतदार यादीचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात माझे नाव नाही. माझी पत्नी सुनंदा हिचे आहे. सुनंदा दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, वारली.

वास्तविक एवढा मजकूर एका पत्रात मावायला हवा होता. केंद्र सरकारच्या एका खात्यात विधी अधिकारी म्हणून मी उमेदीची सारी वर्षे काढली. निवृत्तीनंतर पाणी, पदपथ, भटकी जनावरे, चुकीची बसवलेली पाटी अशा विषयांवर इतकी पत्रे लिहिली की आमच्या सेक्टरातला पोस्टमन मला नावाने ओळखत नाही, हस्ताक्षराने ओळखतो. म्हणून परवा सकाळी शिरस्त्याप्रमाणे कागद पुढे ओढला, उजव्या कोपऱ्यात दिनांक घातला, 'महोदय' लिहिले, स्वल्पविराम दिला. आणि त्याच वेळी खिडकीतून सप्तपर्णीचा वास आत आला.

चंदीगडात हिवाळा असा येतो. थंडी नंतर, वास आधी. दिवाळीच्या आसपास रस्त्याकडेच्या त्या उंच झाडांवर पोपटी-पांढरे झुबके धरतात, आणि संध्याकाळच्या पहिल्या गारव्याबरोबर तो दाट, किंचित गुंगी आणणारा गंध साऱ्या सेक्टरावर उतरतो. सुनंदाला तो मुळीच सोसत नसे. ती अकोटकडची, तिच्या लेखी झाड म्हणजे संत्र्याचे नाहीतर कडुनिंबाचे. "डोकं चढवते बापा हे झाड," असे म्हणत ती एकेक खिडकी लावत जाई, आणि मी मागून एकेक उघडत जाई. दर पाच वर्षांनी या वासातच नगरपालिकेची निवडणूक येते. चौकाचौकांत हात जोडलेल्या माणसांचे फलक लागतात. ऑटोरिक्षावरचा भोंगा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना आधी हिंदीत, मग पंजाबीत विनवणी करतो. दोन गल्ल्या ओलांडून तो दूर गेला की शब्द गळून पडतात आणि नुसते आर्जव ऐकू येते. यंदाही ते सुरू झाले आहे. वास तोच, आर्जव तेच. फरक एवढाच की खिडक्या उघड्याच राहतात. लावणारे कोणी नाही.

मागच्या निवडणुकीची सकाळ मला सविस्तर आठवते. सरकारी शाळेचे आवार, धुक्यात अर्धी बुडालेली पुरुषांची एक रांग, बायकांची दुसरी. सुनंदाने मरून रंगाची शाल डोक्यावरून घेतली होती. बायकांची रांग भराभर सरकली आणि माझ्या आधी वीस मिनिटे ती बाहेर आली. शाई लावलेले बोट चोर पकडल्याच्या थाटात वर धरून तिने मला दुरूनच दाखवले. परतताना मी सहज विचारले, "कोणाला दिलेस?"

"गुपित मतदान असते जी. तुमीच कायदा सांगता ना?"

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"मंग काय झालं? नवऱ्याले सांगा असं कोन्या कलमात लिवलं हाय, ते दाखवा."

असे कलम नाही. मी घरी येऊन तपासलेही. तिचे मत कोणाला होते, ते मला आजतागायत कळलेले नाही आणि आता कळणार नाही. इतकी वर्षे एका छपराखाली राहिलेल्या बाईने एक चौकोनी कागदाएवढी जागा स्वतःपाशी ठेवली होती. त्या वेळी मला तिचे हसू आले होते. आता धुके पडले की ती जागाच मला घरात सर्वांत मोठी वाटते.

ती गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात केतकीने इंग्लंडहून फोन केला. "बाबा, तुम्ही एकटे त्या धुक्यात काय करताय? इकडे या. कधी परत जायचं ते नंतर बघू." मी निघायचे ठरवले. निघण्यापूर्वी, रीतसर, एक पत्र लिहिले : मी अनिश्चित काळासाठी परदेशी जात आहे, माझा तेथील पत्ता पुढीलप्रमाणे. पत्र होते दूध केंद्राला. परंतु मी आयुष्यात एकाच व्यक्तीला असे पत्र कधी लिहिलेले नाही. खाली 'प्रत माहितीसाठी रवाना' असे लिहून नावे घालायची ही माझी जुनी सवय. सुनंदा म्हणायची, "तुमचं पत्र म्हंजे लग्नाची पत्रिका हाय काय जी? साऱ्या गावाले वाटून राह्यले!" तेव्हा दूध केंद्राच्या त्या पत्राच्या प्रती गेल्या त्या पोस्टाला, गॅस एजन्सीला, सेक्टरच्या रहिवासी मंडळाला, आणि आणखीही काही ठिकाणी. कुठे कुठे, ते विमानात बसेपर्यंत मी विसरलो होतो.

केतकीचे गाव नदीकाठी आहे. नदी म्हणजे आपल्याकडच्या कालव्याएवढी. पण तिच्यावर बदके, हंस आणि एक दगडी पूल आहे, आणि पुलाच्या मधोमध उभे राहिले की गावातली सगळी महत्त्वाची ठिकाणे एका नजरेत मावतात : चर्च, पोस्ट, दोन पब, एक वाचनालय. मी फेब्रुवारीत तिथे फिरायला लागलो तेव्हा झाडे काळी, ओली आणि नागडी होती. माझ्या मनाची अवस्थाही फारशी निराळी नव्हती. कोणी माझ्याशी बोलत नसे, आणि ज्याविषयी तक्रार करावी असे तिथे काही सापडत नव्हते.

मग एप्रिलमधल्या एका पावसाळी दुपारी दारावर टकटक झाली. छत्री मिटत एक वृद्ध बाई उभ्या होत्या. शेजारी ओलाचिंब झालेला एक तपकिरी कुत्रा. बाईंचे नाव डोरोथी, तिसऱ्या घरात राहणाऱ्या. हयातभर वाचनालयात काम केलेल्या. ते वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडे ठेवायचे परिषदेने ठरवले होते, म्हणून सत्तरी उलटल्यावर त्या अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात एक पत्रक ठेवले. मी चष्मा लावला, वाचले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"बाई," मी म्हणालो, "यावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नाही. तुमच्या कायद्याप्रमाणे ते लागते."

त्यांनी पत्रक परत घेऊन पाहिले. "तुम्हाला कसे ठाऊक?"

"मी इथे आल्यापासून मला वाचायला दुसरे काही नाही."

त्या खळखळून हसल्या. नंतर त्यांच्या लक्षात आले की मी विनोद करत नव्हतो, आणि त्यांचा चेहरा उतरला. शेकडो पत्रके छापून झाली होती. पुन्हा छापायला वेळ नव्हता. तेव्हा पुढची तीन दुपारी केतकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोरोथीबाई आणि मी समोरासमोर बसून प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तो एका ओळीचा मजकूर हाताने लिहीत गेलो. बाहेर पाऊस, आत किटलीची शीळ, पायापाशी कुत्र्याचा ऊबदार श्वास. माझे अक्षर त्यांच्यापेक्षा चांगले होते. त्यांनी ते कबूल केले. सुनंदा गेल्यापासून कोणी माझ्यासमोर बसून इतका वेळ एकच काम केले नव्हते. आम्ही फारसे बोललो नाही. कागदावर पेन सरकण्याचा आवाज होता, तेवढा पुरला.

तिसऱ्या दुपारी केतकी कामावरून आली आणि म्हणाली, "बाबा, मी चौकशी केली. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून भारतीय नागरिक इथे राहत असेल तर त्याला इथल्या निवडणुकीत मत देता येतं. अजून दोन दिवस नाव नोंदवता येईल."

"राहत असेल तर," मी म्हणालो.

"मग तुम्ही राहत नाही तर काय करताय?"

"मी आलेलो आहे. राहतो मी चंदीगडला. माझे नाव तिथल्या यादीत आहे. एका माणसाने दोन दारांत उभे राहू नये."

"बाबा, तिकडे घराला कुलूप आहे."

"कुलूप घालतो तो परत जाणारा माणूस. सोडून जाणारा किल्ली देऊन जातो."

केतकीने आईसारखाच सुस्कारा टाकला आणि विषय संपला. डोरोथीबाई खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांना आमची भाषा कळत नव्हती, तथापि काय चालले आहे ते पुरते कळले असावे. त्या म्हणाल्या, "मतदानाच्या दिवशी कुत्रा धराल का माझा?"

मे महिन्यातला तो गुरुवार. चर्चच्या आवारात चेस्टनटचे एक प्रचंड झाड होते, आणि काळ्या ओल्या फांद्यांचे ते झाड, फेब्रुवारीत मी ज्याच्याखालून मान खाली घालून गेलो होतो ते, आता समयांसारख्या उभ्या, पांढऱ्या फुलांनी नखशिखान्त पेटले होते. त्याखाली मी कुत्र्याची दोरी धरून उभा राहिलो. लोक येत होते, जात होते. पोलीस नाही, रांग नाही, भोंगा नाही. उघड्या दारातून आतली मेजे दिसत, आणि मेजावर सुतळीने बांधलेली पेन्सिल. पेन्सिल! डोरोथीबाई बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले, "पेन्सिलीने केलेली खूण कोणी खोडली तर?"

"कोण खोडेल?" त्यांनी विचारले.

त्यांचा प्रश्न खरा होता. त्यांना खरोखरच नाव हवे होते. त्या कुत्र्याला थोपटत राहिल्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे बोट मी न्याहाळत होतो. कोणाच्याही बोटावर काही नव्हते. मत देऊन आलेला आणि न दिलेला यांत पाहणाऱ्याला भेद करता येणार नाही, अशी ती स्वच्छ बोटे. मला मरून शाल आठवली, धुक्यात वर धरलेले ते बोट आठवले. चेस्टनटची एकेक पाकळी सावकाश खाली येत होती, कुत्र्याच्या पाठीवर बसत होती, आणि माझ्या मनात एक विलक्षण निर्धास्तपणा भरून येत होता : इथे माझे काही नाही, पण तिथे आहे. चार हजार मैलांवर, एका छापील पानावर, घर क्रमांकासमोर, माझे नाव आहे, आणि खाली तिचे. सावलीत ठेवलेल्या पाण्यासारखी ती ओळ मला थंड आणि सुरक्षित वाटत होती.

आता मला ठाऊक आहे की त्या दुपारी ते नाव तिथे नव्हते. मार्चमध्येच ते कापले गेले होते. मी चेस्टनटखाली उभा होतो तेव्हा आमच्या रस्त्यावर अमलताश, म्हणजे आपला बहावा, पिवळा लोंबत असणार, उन्हाळ्याची तापलेली लू सुटली असणार, आणि दारावरची ती नोटीस एका कोपऱ्याने सुटून फडफडत असणार. त्या गुरुवारी पृथ्वीवरच्या कोणत्याही यादीत मी नव्हतो. सुनंदा होती.

डोरोथीबाई थोडक्यात पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या केक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे मत असते तरी मी पडले असते. पण एकाने कमी पडले असते." मी ऑगस्टमध्ये परतलो, तेव्हा दारावर कसलाही कागद उरला नव्हता.

नऊ नोव्हेंबरला यादीचा मसुदा शाळेत वाचायला ठेवला होता. शेजारचे ग्रेवाल साहेब माझ्याबरोबर आले. लष्करातून निवृत्त, मला 'वकील साब' म्हणणारे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. आमच्या घर क्रमांकासमोर एकच ओळ होती. सुनंदा. पतीचे नाव म्हणून मी तिथे होतो. मतदार म्हणून नव्हतो. मी त्या ओळीवर बोट ठेवले आणि ते उचलता येईना.

यादीचे काम पाहणाऱ्या रजनी मॅडम एरवी त्याच शाळेत गणित शिकवतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "अंकल जी, फॉर्म भर दो, नाम चढ़ जाएगा. दस दिन की बात है."

"नाम चढ़ेगा, वो ठीक है. काटा किसने, ये बताइए. किसके कहने पर?"

मी नियम सांगितले. चौकशीचा हक्क सांगितला. आवाज चढला असावा, कारण रांगेतले लोक वळून पाहू लागले. रजनी मॅडमनी कपाटातून एक फाईल काढली, पाने उलटली, 'बजावली' असा शेरा असलेली, नाव कमी करण्याची मार्चमधली नोटीस दाखवली आणि तिच्यामागचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. निळी शाई. उजव्या कोपऱ्यात दिनांक. 'अनिश्चित काळासाठी' या शब्दांखाली कोणीतरी लाल रेघ ओढलेली. आणि तळाशी, प्रत माहितीसाठी रवाना, क्रमांक पाच : मतदार नोंदणी कार्यालय.

"आपने ख़ुद ही तो लिख के दिया था, अंकल जी."

ग्रेवाल साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले. "ओए होए, वकील साब! आपने तो अपनी ही सुपारी दे दी!" सारी रांग हसली. मी हसू शकलो नाही. ते माझे सर्वांत चांगले अक्षर होते.

मात्र त्याच कागदावर, तिसऱ्या परिच्छेदात, माझा इंग्लंडचा पत्ता होता, पिनकोडासह. दूध केंद्राने त्या पत्त्यावर दिवाळीचे शुभेच्छापत्रसुद्धा पाठवले, जे मी परत आल्यावर केतकीकडे पोचले. ज्या कार्यालयाने पत्र वाचून लाल रेघ ओढली, त्याने पुढच्या चार ओळी वाचल्या नाहीत. माणूस गेला हे माझ्या पत्रावरून मान्य केले, आणि त्याला विचारायला माझ्याच बंद दारावर गेले. माझी चूक मी इथे जाहीरपणे नोंदवतो. त्यांची चूक त्यांनी अद्याप नोंदवलेली नाही.

रजनी मॅडम दुष्ट बाई नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. मग यादीकडे पाहत विचारले, "और ये सुनंदा जी? घर पर हैं?"

पंखा बंद होता. खिडकीतून तो वास येत होता.

"नहीं," मी म्हणालो. "दो साल हो गए."

"ओह." त्यांनी पेन उचलले. "तो एक ही बार में निपटा देते हैं, अंकल जी. आंटी जी का काट देती हूँ, आपका चढ़ा देती हूँ. लिस्ट साफ़." त्यांनी दुसरा अर्ज पुढे सरकवला. नंतर हलक्या आवाजात विचारले, "दो साल में आपने भरा क्यों नहीं? आप तो सब कुछ लिखते हैं."

मी तो अर्ज घडी घालून खिशात ठेवला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे देतो. तिच्या जाण्याची बातमी मी बँकेला लिहिली, खात्याला लिहिली, गॅस एजन्सीला लिहिली. यादीचा अर्जही आणला होता. तो दोन श्रावण माझ्या खणात पडून आहे. मला कायदा ठाऊक नव्हता असे मी म्हणू शकत नाही. परंतु कागदावर माझे आणि तिचे नाव एकाखाली एक उरले होते ते त्या एकाच पानावर. शिधापत्रिका बदलली, खाते बदलले, दारावरची पाटी पावसाने पुसली. ते पान मला मोडवले नाही. मला विचारले असते तर मी खरे सांगितले असते. मला कोणी विचारले नाही, आणि आयुष्यात प्रथमच मी आपण होऊन लिहिले नाही.

आता लिहीन. तिचा अर्ज मी काल भरायला घेतला. नाव, वय, घर क्रमांक, कारण. कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहिले. शेवटचा रकाना असा आहे : आक्षेप घेणाऱ्याने स्वतःचा यादीतील अनुक्रमांक लिहावा. ज्याचे नाव यादीत आहे तोच दुसऱ्याचे नाव काढण्याचा अर्ज करू शकतो, असा याचा सरळ अर्थ. मला अनुक्रमांक नाही. म्हणजे कायद्यानेच एक क्रम घालून दिला आहे. आधी माझे नाव चढेल. त्यानंतर, आणि त्यानंतरच, मी माझ्या हाताने तिचे उतरवीन. मधले काही दिवस, पाच असोत वा सात, त्या पानावर आम्ही दोघे असू.

येत्या सोमवारी शाळेच्या सभागृहात हरकतींची सुनावणी आहे. रजनी मॅडम म्हणतात, नोंदणी अधिकारी साहेब दोन्ही कामे एकाच सहीने करतील, सोयीचे पडेल. मी त्या दिवशी दोन्ही अर्ज घेऊन येईन. एकावर सही असेल, दुसऱ्यावर अनुक्रमांकाची जागा मोकळी असेल. नोंदणी अधिकाऱ्यांनी माझा पत्ता हाती असताना नोटीस बंद दाराला का दिली, याचे उत्तर त्यांनी जमलेल्या मतदारांसमोर द्यावे. आणि दुसरे, जे मला अधिक महत्त्वाचे आहे : आधी तो, मग ती, हा क्रम मोडून दोन्ही नावांवर एकाच वेळी लेखणी चालवण्याचा अधिकार त्यांना कोणत्या कलमाने दिला, ते कलम त्यांनी उभे राहून, मोठ्याने, आमच्या घराच्या त्या पानावर बोट ठेवून वाचून दाखवावे.